वर्षातले 79 दिवस

5 एप्रिल 2024. पाडवा चार दिवसांवर. मार्च संपला की आठवडाभर ऑफिसकडे कुणी फिरकू नये अशी लोकांची प्राप्तिकराची रिटर्नं भरून देणाऱ्या माझ्यासारख्या प्रत्येक माणसाची इच्छा असते. पण हे तिघं घरचेच. आप्पा आणि मी एकाच तालमीत वाढलो, फरक एवढाच की ते कुस्ती शिकले आणि मी नुसतं दूध प्यायलो. त्यांचं चपलांचं दुकान. सोबत वहिनी आणि थोरला मुलगा, वय 27. नाव देत नाही, पेठही सांगत नाही. कोल्हापूर लहान आहे. तिघांनी होकार दिला म्हणून हे प्रकरण लिहितोय, कारण गेल्या काही वर्षांत अशीच विचारणा घेऊन आणखी दोन-तीन घरं माझ्याकडे आली.

टेबलावर पत्र ठेवलं. अमेरिकेतून फिरणाऱ्या एका क्रूझ जहाजावर, कॅसिनोत डीलर, म्हणजे टेबलावर खेळ चालवणारा, म्हणून तिसरा करार. सोमवारपर्यंत उत्तर हवं, रुजू व्हायचं 12 जूनला.

"भावजी, मी दोन वर्षं झाली सांगतो, ही जुगाराची नोकरी नको. माझं कोण ऐकतंय?" वहिनी म्हणाल्या. आप्पांचं म्हणणं, दुकान सांभाळ. मुलाला जायचं होतं. शिवाय पणजीहून जुन्या साहेबाचा फोन येऊन गेलेला, सुपरवायझरची जागा रिकामी आहे म्हणून.

मला विचारलं होतं फक्त करासंबंधी. ते कराशी थांबणार नाही हे फाईल उघडली तेव्हाच कळलं.

तो तिथं पोचला कसा

कोल्हापुरातच हॉटेल मॅनेजमेंट केलं. मग इथल्या एका हॉटेलात वर्षभर ट्रे उचलले. मित्राच्या नादानं आजरा-आंबोलीच्या रस्त्यानं पणजी गाठली. महाराष्ट्रात कॅसिनो नाही. 1976 चा एक कायदा कागदावर होता, तो कधी अमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये मंत्रिमंडळानं तो रद्दच करायचं ठरवलं. गोव्यात मात्र मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर रीतसर परवान्यानं खेळ चालतो. तिथं त्याला डीलरचं प्रशिक्षण मिळालं आणि त्यात तो चमकला. कारण ऐकून मला हसू आलं. आप्पांच्या वडिलांनी लहानपणी त्याच्याकडून पाढे घोकून घेतले होते, तीसपर्यंत, वर पावकी-निमकी-दिडकी. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात पहिल्या दोन पानांत एकवीस झाले की दीडपट द्यायची असते, म्हणजे पंचवीस डॉलरला साडेसदतीस. रुलेटमध्ये, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकाच्या खेळात, एका आकड्यावर पस्तीस पट, दोन आकड्यांच्या मधल्या रेषेवर सतरा पट, चौकोनाच्या कोपऱ्यावर आठ पट. आकड्यावर एक आणि चारही कोपऱ्यांवर एकेक चिप, म्हणजे पैशांऐवजी लावायची चकती, असेल तर पस्तीस आणि बत्तीस, सदुसष्ट. रेषेवर पाच चिपा असतील तर सतरा पंचे पंच्याऐंशी. बाकीची मुलं बोटांवर मोजत बसायची. हा आजोबांच्या चालीत मनातल्या मनात म्हणायचा आणि चिपा सरकवायचा.

ऑफिसात मी विश्वास ठेवेना, तर माझ्या ड्रॉवरमधली रुपयाची नाणी घेतली. मूठभर नाणी टेबलावर ठेवली, तर्जनीनं न बघता पाच-पाचच्या चळती पाडल्या, एका रेषेत, एकसारख्या. मग दोन्ही हात टेबलावर उघडे केले, तळवे वर, तळवे खाली, आणि मागे सरला.

"हे काय?" मी विचारलं.

"टेबल सोडताना हात दाखवायचे असतात, काका. वर कॅमेरा असतो. हातात चिप लपवली नाही हे दिसलं पाहिजे."

वहिनी म्हणाल्या, "घरात जेवून उठला तरी असंच करतो. मला वाटलं, काय लागीर-बिगीर झालं का काय."

ज्या नोकरीला घरचे जुगार म्हणत होते, तिच्यात माणसाच्या हातांवर जेवढी नजर असते तेवढी मी कुठल्या बँकेतही पाहिली नाही. युनिफॉर्मला खिसा नाही. एक चूक हिशेब दिला की सुपरवायझर थांबवतो, वरचं चित्रीकरण मागवतो, चूक लिहून ठेवतो. आणि ज्या जहाजावर काम करायचं त्या कॅसिनोत खेळायला त्याला करारानंच बंदी. आप्पांना हे माहीतच नव्हतं. दोन वर्षं त्यांनी पोरगं रात्रभर डाव टाकतंय असं समजून काढली होती.

वहिनींची भीती आणखी जुनी. त्यांच्या सख्ख्या मामानं मटक्यात रिक्षा घालवली होती. त्या कॅसिनो म्हणाल्या की डोळ्यांसमोर ती रिक्षा उभी राहते, जहाज नव्हे.

बंदर लागलं की टाळं

नोकरीचा खरा फायदा त्यानं सांगितला तेव्हा तो पगाराआधी सांगितला, याची मी नोंद घेतली.

जहाज बंदरात असताना कॅसिनो बंद असतो. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर, हे त्या देशाचं पाणी. तिथं त्या देशाचा कायदा. जहाज त्याच्या बाहेर गेलं की टेबलं उघडतात. त्यामुळे बंदराच्या दिवशी कॅसिनोची माणसं मोकळी. स्वयंपाकघर, खोल्यांची सफाई, रेस्टॉरंट यांतल्या पोरांना बंदर आलं तरी काम असतंच, कित्येकांना जमीन खिडकीतून दिसते तेवढीच. हा मात्र बहामातल्या नसाऊत पोहला, मेक्सिकोतल्या कोझुमेलमध्ये भाड्याच्या सायकलवर बेट हिंडला. रंकाळ्यापलीकडं पाणी न बघितलेला पोरगा. त्याच्या जहाजावर कॅसिनोच्या लोकांना प्रवाशांच्या डेकवर जायची, त्यांच्या बुफेत जेवायची मुभाही होती. हॉटेलमध्ये ट्रे उचलण्याच्या हिशेबानं ही मोठी बढती.

पण ह्याचीच दुसरी बाजू टिपांना लागते. बंदरं जास्त तर टेबलं उघडी कमी, टिपा कमी. समुद्रातले दिवस जास्त तर टिपा भरपूर, पण मग दुपारपासून पहाटेपर्यंत उभं राहायचं. त्याच्या जहाजावर टिपा एका पेटीत जमा होऊन सगळ्या डीलरांत वाटल्या जात. म्हणजे आपलं नशीब आपल्या हातावर नाही, पाहुण्यांच्या मूडवर आणि जहाजाच्या मार्गावर. मार्ग कंपनी ठरवणार.

कामाचे तास कायद्यानं बांधलेले आहेत. 2006 चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार 2013 मध्ये लागू झाला, भारतानं तो 2015 मध्ये स्वीकारला. त्याप्रमाणे 24 तासांत किमान 10 तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती. कागदावर हे पाळलं जातं. पण पहाटे तीनला सुटलेल्या माणसाची सकाळी साडेनऊला आपत्कालीन कवायत असेल तर झोपेचे तुकडे पडतात. कॅसिनोवाल्यालाही कवायत चुकत नाही. आगीचा भोंगा झाला की तो डीलर नसतो, जिन्यापाशी उभं राहून प्रवाशांना वाट दाखवणारा खलाशी असतो. त्यासाठी जायच्या आधी जीवरक्षण, अग्निशमन, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्यावं लागलं, खलाशाची नोंदवही, म्हणजे सीडीसी, काढावी लागली.

खोली पाण्याच्या पातळीखाली, दोघांची, खिडकी नाही. पहिले दोन महिने दिवस-रात्र कळायची नाही. "घड्याळात सहा वाजले की सकाळचे का संध्याकाळचे हे आठवावं लागायचं." हे त्यानं हसत सांगितलं, पण वहिनी हसल्या नाहीत.

ज्याची भीती होती ते, आणि झालं ते

घरच्यांना भीती होती तीन गोष्टींची: पोरगं जुगारी होईल, दारूला लागेल, तिकडंच कुणाशी लग्न करेल. तिन्हीपैकी एकही घडलं नाही. घडलं ते त्यांनी विचारलंच नव्हतं.

पहिलं, छाती. त्याच्या जहाजावर आतल्या भागात सिगारेट ओढता येण्याजोगी जागा एकच, कॅसिनोचा एक भाग. डीलरला टेबल निवडता येत नाही. पानं वाटतोय, समोरचा धूर तोंडावर सोडतोय, आणि मान वळवायची नाही. दुसऱ्या करारात चौथ्या महिन्यापासून कोरडा खोकला. खलाशाचं वैद्यकीय प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं, मग परत तपासणी. तपासणीत काही निघालं तर नोकरीच जाते, म्हणून पोरं जहाजावरच्या डॉक्टरला खोकला सांगत नाहीत. यानंही सांगितला नव्हता. मी त्याला आधी एक्स-रे काढून यायला सांगितलं, रिटर्नचं नंतर बघू म्हटलं. एक्स-रे स्वच्छ निघाला, खोकला मात्र महिनाभर राहिला.

दुसरं सांगताना तो जरा अडखळला. "काका, लोक हरतात ते रोज बघायला लागतं." अमेरिकी रुलेटच्या चाकावर 36 आकडे, वर दोन शून्यं, एकूण 38 घरं. देणं मात्र पस्तीस पट. म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभर डॉलरमागं सरासरी 5.26 डॉलर कॅसिनोचे, चाक कितीही फिरवा. त्याला हे गणित पाठ. समोरच्याला ते माहीत नसतं, किंवा माहीत असून नको असतं. एका फेरीत एक सत्तरीचे आजोबा सात रात्री त्याच टेबलावर आले. शेवटच्या रात्री बायको मागे उभी राहून त्यांच्या खांद्याला हात लावत होती. डीलरला "आता पुरे" म्हणता येत नाही, चेहऱ्यावर आणताही येत नाही. तो म्हणाला, "आईच्या मामाचा चेहरा मी बघितलेला नाही. पण मला तो तसाच वाटला." वहिनी काही बोलल्या नाहीत. खुर्चीतून उठून खिडकीशी गेल्या.

तिसरं म्हणजे माझ्या टेबलावरचा विषय, पैसा.

लाखाचे किती

घरात सगळ्यांना एकच आकडा पाठ होता: महिन्याला एक लाख चाळीस हजार. आप्पांनी तो भाऊबंदांतही सांगितला होता. आकडा खोटा नव्हता. दुसऱ्या करारात टिपा धरून सरासरी 1,700 डॉलर पडले, 83 च्या भावानं एक लाख एकेचाळीस हजार.

मी पासपोर्ट मागितला आणि वहीवर तारखा मांडल्या. पहिला करार 10 नोव्हेंबर 2022 ते 8 जून 2023. मग घरी, 20 ऑगस्टपर्यंत, 73 दिवस, पगार शून्य. दुसरा करार 21 ऑगस्ट ते 25 मार्च 2024, 218 दिवस. पगार मिळाला सव्वासात महिन्यांचा, सुमारे दहा लाख. पण त्याच्या आधीची सुट्टी जोडली की ते दहा लाख साडेनऊ महिन्यांत वाटायचे. महिना झाला एक लाख पाच हजार. त्यातून बंदरावरचा खर्च, इंटरनेट, घरच्यांना आणलेली चॉकलेटं, एक फोन, असे दीड लाख गेले. उरले महिना नव्वद हजार.

आप्पांचा चेहरा पडला. मी म्हटलं, थांबा, दुसरी बाजू पण मांडूया. पणजीची जागा 45 हजारांची, बाराही महिने. खोलीभाडं आणि जेवण सोळा हजार वजा, राहिले एकोणतीस. जहाजावर खोली नि जेवण कंपनीचं. म्हणजे खरा हिशेब लावूनही जहाज तिप्पट. फक्त घरात तो पाचपट समजून खर्च चालला होता. दुकानाच्या नूतनीकरणाचं कर्ज त्याच भरवशावर काढलेलं आणि हप्ता दर महिन्याला, सुट्टीच्या महिन्यातसुद्धा.

पणजीत भविष्य निर्वाह निधी कापला जात होता, जहाजावर तोही नाही. परदेशी झेंड्याच्या जहाजाला आपला तो कायदा लागत नाही. आणि मार्च 2020 मध्ये जगभरची क्रूझ जहाजं थांबली तेव्हा करार संपलेल्या माणसाला पुढच्या कराराचं बोलावणंच यायचं बंद झालं. तेव्हा हा पणजीत होता म्हणून त्याला ते फक्त ऐकून माहीत.

मग कर. पहिल्या एजंटनं सांगितलं होतं, "सीमनला टॅक्स नसतो." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता राग येत नाही. कर नोकरीवरून ठरत नाही, दिवसांवरून ठरतो. आर्थिक वर्षात भारतात 182 दिवसांपेक्षा कमी राहिलात तर तुम्ही अनिवासी, आणि परदेशी जहाजावरचा पगार इथं करपात्र नाही. तो पगार भारतातल्या एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या, खात्यात जमा झाला तरी नाही, हे 2017 च्या एप्रिलमधल्या परिपत्रकानं स्पष्ट केलंय. विमानानं जाऊन परदेशात जहाज गाठणाऱ्याचे दिवस पासपोर्टच्या शिक्क्यांवरून मोजायचे.

2023-24 मध्ये हा भारतात होता 73 आणि मार्चअखेरचे 6, एकूण 79 दिवस. निर्विवाद अनिवासी. पण 2022-23? दिवाळी करून नोव्हेंबरात गेला. मार्चअखेर बाहेर राहिला फक्त 142 दिवस, भारतात 223. म्हणजे निवासी. त्या साडेचार महिन्यांचा डॉलरचा पगार आणि आधीचा पणजीचा पगार, दोन्हींवर कर. रिटर्न भरलंच नव्हतं. उशिराचं रिटर्न भरायची मुदतही डिसेंबरात संपलेली. राहिलं होतं अद्ययावत रिटर्न, त्यात कर आणि व्याजावर 25 टक्के जादा. सगळं धरून नव्वद हजारांच्या घरात गेलं.

त्याच एजंटनं "प्रोसेसिंग"चे साठ हजार रोख घेतले होते, पावती नाही. त्या 2006 च्या सागरी कामगार करारानुसार खलाशाकडून नोकरी लावून दिल्याचे पैसे घेताच येत नाहीत. वैद्यकीय तपासणी, पासपोर्ट, नोंदवही असला खर्च तेवढा त्याचा. भरती करणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, परवानाधारकांची यादी संकेतस्थळावर असते. आप्पांनी ती बघितली नव्हती. चपलेचं चामडं वास घेऊन पारखणारा माणूस, पण परदेश म्हटलं की पारख घरी ठेवून जातो.

वहिनींना त्याला दिवाळीपर्यंत थांबवायचं होतं, लग्न उरकायचं म्हणून. मी तारखा पुढं मांडल्या: दिवाळीनंतर गेला तर 2024-25 मध्ये पुन्हा निवासी, पुन्हा कर. 12 जूनला गेला आणि जानेवारीत परतला तर भारतात 152 दिवसच होतात, सुटतो.

माझं मत मी स्पष्ट दिलं. तिसरा करार कर. पण पहिल्या दोन महिन्यांचा पगार वेगळ्या खात्यात टाक, तो पुढच्या सुट्टीचा पगार समज. आणि टेबलावरून कॅशियरच्या पिंजऱ्यात बदली माग, टिपा कमी मिळाल्या तरी. दुकानात बसायचा सल्ला मी दिला नाही. आप्पा चार दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

डेक का इंजिन?

मे महिन्यात स्थळ आलं. मुलीकडचे कराडचे. बायोडेटावर लिहिलेलं "मर्चंट नेव्ही". मला बैठकीला बोलावलं होतं, वजन पडावं म्हणून. मुलीचे मामा रत्नागिरीचे, स्वतः वीस वर्षं मालवाहू जहाजावर काढलेले. चहा आला, पोहे आले आणि मामांनी सहज विभाग विचारला, "डेक का इंजिन?"

आप्पा पंख्याकडे बघायला लागले. वहिनी पोह्यांच्या ताटलीकडे. मुलानं कप खाली ठेवला, सवयीनं हात उलटे-सुलटे केले आणि म्हणाला, "कॅसिनो. डीलर आहे मी."

मला वाटलं आता उठतील. मामा हसले. "मग हात का दाखवतोस ते कळलं," म्हणाले. वातावरण जरा सैल झालं. मुलीचे वडील बराच वेळ गप्प होते. ते शिक्षक. त्यांनी जुगाराबद्दल अवाक्षर काढलं नाही. एकच विचारलं, "वर्षात घरी किती दिवस असता?"

मुलानं माझ्याकडं बघितलं. आकडा माझ्या वहीत होता, मीच सांगितला. "गेल्या वर्षी 79."

स्थळ जुळलं नाही. चार दिवसांनी निरोप आला, त्यात कॅसिनोचा उल्लेख नव्हता. बायोडेटावरच्या दोन शब्दांचा होता, आणि 79 चा. दुसऱ्या दिवशी वहिनींनी तो बायोडेटा स्वतः बदलायला लावला. आता त्यात लिहिलंय: "क्रूझ जहाजावर कॅसिनो विभागात नोकरी." वहिनींनी "विभागात" हा शब्द मुद्दाम घालायला लावला. त्यानं जरा बरं वाटतं म्हणे.

त्यानंतर

12 जूनला तो गेला. पिंजऱ्याची बदली तिसऱ्या महिन्यात मिळाली. टिपांतला वाटा घटला, महिन्याची सरासरी 1,450 डॉलरवर आली. खोकला गेला. कॅशियरला बंदराच्या दिवशी हिशेब जुळवायला बसावं लागतं, म्हणजे पोहणंही कमी झालं. ते त्यानं मला पत्त्यांसारखं उलगडून सांगितलं: धूर गेला, बेटही गेलं.

जानेवारी 2025 मध्ये परतला. वेगळ्या खात्यातल्या पैशातून दोन महिन्यांचे हप्ते वेळेवर गेले. पणजीची जागा केव्हाच भरली. सुट्टीत तो दुकानात बसतो. गिऱ्हाइकाला सुटे पैसे देऊन झाले की दोन्ही तळवे उघडे करून दाखवतो. माणसं बावचळतात. एका म्हातारीनं त्याला आशीर्वाद दिला.

चौथा करार 18 मार्चचा आहे. म्हणजे जोतिबाची यात्रा यंदा हुकणार. परवा वहिनींचा फोन आला, रिटर्नसाठी कागद कधी आणून देऊ म्हणून. ठेवता ठेवता विचारलं, "भावजी, यंदा किती भरलं हो दिवस?"

मी वही काढून बेरीज केली. जूनपर्यंतचे 72, जानेवारीपासूनचे 66. "138, वहिनी."

"बरं," त्या म्हणाल्या. मग पलीकडे कुणाला तरी ओरडून सांगितलं, "एकशे अडतीस, ऐकलंत का?"